पंचवीस-पंधराच्या रस्त्यानं डावीकडं

पुण्यात रस्त्यांना थोर माणसांची नावं असतात. तिसगावच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांना लेखाशीर्षांची नावं असतात. फाट्यावरच्या टपरीवर कुणाच्या वस्तीची वाट विचारली, तर चहा गाळता गाळता उत्तर येतं, "सरळ बहात्तरच्या रस्त्यानं जा. म्होरं मोरी लागंल. तिथून पंचवीस-पंधराच्या रस्त्यानं डावीकडं. तो संपला की आमदार फंड लागतो. आमदार फंड जिथं संपतो, तिथं गाडी लावा अन् चालत जा."

यातलं बहात्तर म्हणजे 1972 चा दुष्काळ. त्या सुमाराला नगर जिल्ह्यात पिकलं काही नाही, पण रस्ते भरपूर झाले. सरकारनं दुष्काळी कामं काढली. घराघरातून माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाल्ली, आणि ज्या वाटेवर आयुष्यभर बैलगाडी चिखलातून ओढली होती तिच्यावर स्वतःच्या हातानं मुरूम पसरला. पुढं त्यातूनच राज्याची रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. या रस्त्यांचा एकच दोष. ते पाऊस नसताना केलेले असल्यामुळं पाऊस ही गोष्ट त्यांत धरलेलीच नव्हती. मोऱ्या मागाहून आल्या. काही ठिकाणी अजून यायच्या आहेत.

पंचवीस-पंधराची गोष्ट वेगळी. 2515 हे ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधी गावातली कामं सुचवतात, पैसा या शीर्षाखाली येतो. त्याचे दोन मोठे भाऊ म्हणजे 3054 आणि 5054. दोन्ही रस्ते आणि पुलांचेच. पहिला देखभाल-दुरुस्तीचा, दुसरा भांडवली खर्चाचा. शाळेत सतराच्या पाढ्याला अडखळलेला माणूस तीस-चोपन्न आणि पन्नास-चोपन्न यांतला फरक तुम्हाला पारावर बसल्या बसल्या समजावून देतो, आणि वर "औंदा तीस-चोपन्नला पैसाच न्हाई" असं अर्थमंत्र्याच्या गांभीर्यानं सांगतो. राज्याचा अर्थसंकल्प फार थोड्या लोकांना कळतो म्हणतात. म्हणणाऱ्यानं एकदा तिसगावच्या बाजारात येऊन बसावं.

नगरहून पाथर्डीला निघालं की करंजीचा घाट आणि मग तिसगाव लागतं. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. कागदावर सवय होत आली आहे, पण एसटीत बसलेला माणूस अजून "नगरला चाललो" असंच म्हणतो. एका अंगाला गर्भगिरीचे डोंगर. त्या डोंगरांच्या आधारानं मढीचे कानिफनाथ आणि वृद्धेश्वर. तिसगावात उतरून लोक मढीला जातात, मिरीला जातात, शेवगावकडं वळतात. जिथं इतक्या वाटा फुटतात तिथं वाटांबद्दल बोलणारी माणसंही मुबलक असणार, हे ओघानं आलं.

गावातून जातो तो राष्ट्रीय महामार्ग. लोकांच्या तोंडी तो कल्याण-विशाखापट्टणम. पूर्वी त्याला 222 क्रमांक होता, आता 61 आहे. नगरच्या पुढं कधी न गेलेली म्हातारीसुद्धा "इशाखापट्टनम रोडच्या कडंला आमचं रान हाय" असं सांगते, तेव्हा बंगालचा उपसागर दोन शेतं टाकून पलीकडंच असावा असा भास होतो. या महामार्गाचं काम इतकं रेंगाळलं की 2022 च्या डिसेंबरात पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके नगरला उपोषणाला बसले. मात्र महामार्ग ही मोठ्यांची गोष्ट आहे. तो खराब असला तर वर्तमानपत्रात येतं. माझा जीव अडकलाय तो त्याच्यापासून आत वळणाऱ्या, क्रमांक नसलेल्या रस्त्यात.

क्रमांक असणं म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. 1943 च्या डिसेंबरात, जग महायुद्धात गुंतलेलं असताना, देशभरातले रस्त्यांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी हिंदुस्थानातल्या रस्त्यांची पाच पायऱ्यांची उतरंड लावली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. सरकारी कागदात शेवटचे तीन आखूड होऊन प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा झाले. त्या अभियंत्यांनी असंही ठरवलं होतं, की शेती चांगली होते अशा भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये. मोठ्या मनाची माणसं. त्यांच्या हिशेबानं इकडची कितीतरी गावं केव्हाच सुखी झालेली आहेत, कारण महामार्ग दोन-तीन मैलांवरच असतो. फक्त मधला अर्धा मैल काळ्या मातीचा असतो, आणि मृगाचा पाऊस लागून पडला की तो अर्धा मैल कल्याणपेक्षा लांब वाटतो.

रस्त्यांनाही बढती मिळते. तिला दर्जोन्नती म्हणतात. ग्रामाचा इजिमा होतो, इजिमाचा प्रजिमा होतो. त्यासाठी ठराव होतात, निवेदनं जातात, माणसं जिल्ह्याच्या आणि मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात. खरी गंमत बढतीच्या नंतर. इजिमा आणि ग्रामा यांना सांभाळणारी जिल्हा परिषद. प्रजिमा आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. दर्जोन्नती झाली की जिल्हा परिषद "आता तो आमचा नाही" म्हणून हात झटकते आणि बांधकाम खातं "अजून तो आमच्याकडं आला नाही" म्हणतं. मधल्या काळात तो रस्ता वाटणीच्या वादात अडकलेल्या म्हशीसारखा असतो. दूध काढायला दोघं, वैरण टाकायला कुणी नाही.

या पाच पायऱ्यांच्याही खाली, उतरंडीच्या तळाशी, पाणंद आहे. शिवरस्ता, गाडीवाट, पाऊलवाट ही तिची भावकी. तिला क्रमांक नाही, फलक नाही, ठेकेदार नाही. आणि गावातला माणूस दिवसातून चार वेळा जातो तो हिच्यावरूनच.

आता एका गावाची गोष्ट. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिसगावपासून फार लांब नाही, एवढं पुरे. नाव सांगितलं तर ते गाव नाराज होईल, आणि आमच्याबद्दल का लिहिलं नाही म्हणून शेजारची चार गावं नाराज होतील.

ग्रामसभा होती. कायद्यानं वर्षाला निदान चार व्हाव्या लागतात आणि त्याआधी महिलांची सभा वेगळी घ्यावी लागते. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तितके लोक लागतात. तेवढे जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. हा कायदा ज्यानं लिहिला त्यानं आधी एखाद्या गावात दोन-चार वर्षं काढलेली असावीत. त्यात पाथर्डी तालुका ऊसतोडीचा. दिवाळी झाली की कोयते निघतात, माणसं, बायका, लेकरं, बैलं कारखान्यांच्या तळावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारीच्या ग्रामसभेत गावाच्या विकासाचे ठराव होतात तेव्हा गावाचा मोठा भाग सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी फडात असतो. राज्यातल्या रस्त्यांचे खड्डे सगळ्यांत जास्त ज्यांनी अंगावर सोसलेत, त्यांचं रस्त्याबद्दलचं मत इतिवृत्तात कधीच येत नाही.

तर ही सभा उन्हाळ्यातली होती, त्यामुळं चक्क माणसं होती. भाऊसाहेबांनी मागचं प्रोसिडिंग वाचून कायम केलं. ग्रामसेवकाचं आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय आणि तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी. गावानं दोघांनाही भाऊसाहेबच ठेवून प्रश्न मिटवला आहे. प्रोसिडिंग संपतंय तोच मागच्या खांबाला टेकलेले नाना उठले.

"भाऊसाहेब, आमच्या वस्तीच्या रस्त्याचं काय झालं?"

"नाना, तो रस्ता तेवीस नंबरला नाही."

"आवं, पण मी आत्ता त्याच रस्त्यानं आलो."

"आला असाल. पण तो तेवीस नंबरला नाही."

सभेत कुणाला यात काही वावगं वाटलं नाही, कारण दोघांचंही खरं होतं. नमुना 23 म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. तिच्यात नाव नसेल तर रस्त्यावर पैसा खर्च करता येत नाही. तिच्यात नाव घालायचं तर रस्ता मोकळा हवा. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची संमतिपत्रं हवीत, नाहीतर गाव नकाशात तो दिसायला हवा. नानांच्या वस्तीची वाट जमिनीवर होती, पण कागदात नव्हती. शेजारच्या शिवाराचा एक रस्ता याच्या बरोबर उलट होता. कागदात ऐसपैस, जमिनीवर तूर. वेदांतातली सत्य आणि मिथ्या यांची चर्चा मला कधी नीट कळली नव्हती. त्या दुपारी ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली पुष्कळशी कळली.

"पण नकाशात हाय की!" नाना म्हणाले. "नकाशा काढा!"

नकाशा निघाला. गाव नकाशा ही बघण्यासारखी चीज आहे. त्यात पाऊलवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं. पाऊलवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट. हे सव्वाआठ आणि साडेसोळा आले कुठून? साखळीतून. आपल्याकडच्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे आणे सोळा. साखळीच्या बाजूचा चौरस म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मग चार आण्यांची झाली पाऊलवाट, आठ आण्यांची गाडीवाट. आणा 1957 मध्ये बाजारातून उठला, पण आमच्या वाटांची रुंदी अजून त्याच नाण्यात मोजलेली आहे. वाटांसाठी पैसा गोळा होई तोही आण्यातच. 1869 च्या कायद्यानं शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड घेतला जाई, त्यातून रस्ते आणि शाळा होत. मोठ्या शहरांपासून लांबच्या गावातल्या माणसाला इंग्रज कधी दिसला नसेल, पण त्याचा एक आणा मात्र नियमानं गेला.

नकाशात नानांच्या वस्तीची वाट होती. दुहेरी तुटक रेषा. आठ आणे. सगळी सभा नकाशावर वाकली आणि मग सावकाश सरळ झाली. कारण जमिनीवर ती वाट दोन आणेसुद्धा उरलेली नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि उरलेले सहा आणे कुणाकुणाच्या रानात आहेत, हेही.

वाट एकदम जात नाही. तिला कुणी चोरत नाही. दर वर्षी नांगरटीला औत बांधाकडं वळताना एक तास पलीकडं पडतं, बस्स. एका तासानं काय होतंय? मग पलीकडचाही विचार करतो, की ह्यानं एक तास घेतलं, मी का मागं राहू. बांध कोरण्याची ही कला आमच्याकडं पिढीजात आहे, आणि तिच्यात उताविळीला स्थान नाही. चाळीस वर्षांत बैलगाडीची वाट एका बैलाची होते. मग त्या वाटेनं डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या, तर एकीला बांधावर चढून थांबावं लागतं. दोन्ही बाजूच्या मालकांना विचारा. दोघंही छातीवर हात ठेवून सांगतील, "आपण एक फूट बी घेतला न्हाई. समदी त्यानं खाल्ली."

आणि मग ट्रॅक्टर आला. बैलाला दोन आण्यांची वाट पुरत होती, ट्रॉलीला पुरेना. त्यात बोअर घेतला, ठिबक टाकलं, ऊस लावला. ऊस रानात उभा आणि वृद्धेश्वर कारखान्याचं धुराडं पेटलेलं. तोडीचा मुकादम येऊन वाट बघून जातो आणि म्हणतो, "मोळ्या डोक्यावर आणाव्या लागत्याल. येगळे पैशे पडत्याल." हे ऐकल्यावर गावातल्या भल्याभल्यांचं रस्त्याविषयीचं मत पालटतं. मी पाहिलंय, की पाणंद मोकळी व्हावी म्हणून सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा माणूस हा बहुतेक वेळा तीच पाणंद सगळ्यांत जास्त नांगरलेला असतो. ढोंग म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. रस्त्याची किंमत कळायला आधी तो खावा लागतो, त्याला इलाज नाही.

रस्ता वाकडा का, या प्रश्नावर पुस्तकं आहेत. ज्यांनी पुढं चंदीगड उभारलं त्या ल कॉर्ब्युझिए यांनी 1925 च्या आपल्या नगररचनेवरच्या पुस्तकात सुरुवातीलाच माणसाची वाट आणि गाढवाची वाट अशी फोड केली आहे. माणूस सरळ चालतो, कारण त्याला कुठं जायचं ते ठाऊक असतं. गाढव चढ टाळत, सावली बघत, रमतगमत जातं, आणि युरोपातली जुनी शहरं म्हणे गाढवानं आखली. हे वाचलं तेव्हा मला मढीची यात्रा आठवली. होळी-रंगपंचमीच्या सुमाराला तिथं गाढवांचा बाजार भरतो, लांबलांबून गाढवं येतात, सौदे होतात. त्या बाजारात उभं राहून बघितलं तर वाटतं, या पॅरिसकर गृहस्थांनी गाढवावर अन्याय केला. गर्भगिरीच्या उतारावर ओझं घेऊन चढणाऱ्या गाढवाला जेवढा चढाचा अभ्यास असतो तेवढा पुष्कळ अंदाजपत्रकांत नसतो. गाढव निदान पाणी तुंबतं तिथून जात नाही.

पण आमच्या गावातले रस्ते गाढवानंही आखलेले नाहीत आणि माणसानंही नाहीत. ते बांधानं आखले आहेत. सरळ जाणारा रस्ता अचानक काटकोनात वळतो, पन्नास पावलं जातो, पुन्हा काटकोनात वळतो आणि पहिल्याच दिशेनं चालू लागतो. तिथं डोंगर नाही, ओढा नाही, विहीर नाही. तिथं फक्त एक माणूस होता, ज्यानं सांगितलं होतं, "माझ्या रानातून न्हाई." तो माणूस जाऊन तीस वर्षं झाली असतील. त्याचा नकार अजून रहदारी वळवतो आहे. एखादा म्हसोबा मधे असला तर तेवढं बरं असतं. त्याला वळसा घालायला कुणाची हरकत नसते आणि मोबदला मागायलाही तो येत नाही.

कायदे आहेत. 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. वहिवाटीच्या वाटेत कुणी आडवं आलं तर अडथळा दूर करायचा अधिकार त्यात तहसीलदाराला आहे. बांधावरून नवी वाट हवी असेल तर 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. अर्ज होतो, नोटिसा निघतात, साहेब स्थळपाहणीला येतात, पंचनामा होतो, निकाल लागतो, मग प्रांताकडं अपील होतं. त्या काळात दोन्ही घरं त्याच वाटेनं तालुक्याला जातात, आणि तारखेच्या दिवशी एका मोटारसायकलवर पुढं-मागं बसूनही जाताना मी त्यांना पाहिलं आहे. पेट्रोलचे पैसे निम्मे पडतात. योजनाही आहेत. 2018 मध्ये पालकमंत्री शेत-पाणंद रस्ते योजना आली, 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. योजनेचं नाव बदललं की अर्ज नवा करायचा. नानांच्या पिशवीत दोन्ही नावांचे अर्ज आहेत, दोन्हींच्या पोहोच आहेत. 2025 च्या मे महिन्यात तर शासनानं ठरवलं, की शेतरस्ता निदान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घ्यावी. चांगला निर्णय आहे. मी नानांना तो वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हंजे आता रस्ता सात-बाराला बी यील, नकाशात बी हाय. ऱ्हायलं काय, तर जमिनीवर."

2022 च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा आणखी एक बदल झाला. पूर्वी नानांना गटातल्या सदस्याच्या ओट्यावर जाऊन दोन शब्द सुनावता येत होते. प्रशासकाला ओटा नसतो.

मग वाट कशी झाली? होय, झाली. कायद्यानं नाही आणि योजनेनंही नाही, म्हणजे नंतर दोन्ही आले, पण आधी नाही. ती झाली महिलांच्या ग्रामसभेमुळं.

त्या सभेचं इतिवृत्त एक पानाचं असतं आणि बहुतेक वेळा त्यात पाणी, शौचालय, दारूबंदी एवढंच येतं. या वेळी नानांच्या सुनेनं एक गोष्ट सांगितली, आणि ती साऱ्या बायकांना आधीच माहीत होती. वस्तीवर मुलगा बघायला पाहुणे आले होते. मुलगा डिप्लोमा झालेला, दहा एकर रान, गोठ्यात चार गाई. पाहुण्यांची गाडी मोरीपाशी थांबली. तिथून नवरीची आई नव्या चपला हातात घेऊन चिखलातून आली, दोन घोट चहा घेतला, मुलाला काहीएक न विचारता उठली. जाताना एवढंच म्हणाली, "आमच्या पोरीला रोज ह्यातून काढायचं का?" पलीकडच्या बांधाच्या तात्यांच्या घरीही दोन मुलं लग्नाची होती. त्यांच्याकडं आलेले पाहुणे तर मोरीवरूनच परत गेले होते, चहासुद्धा न घेता. बायकांनी त्या दिवशी ठराव वगैरे काही केला नाही. घरी गेल्या आणि संध्याकाळच्या भाकरीच्या वेळेला, दोन्ही बांधांच्या दोन्ही घरांत, विषय काढला.

चार दिवसांनी तात्या आपणहून ग्रामपंचायतीत आले. संमतिपत्रावर सही केली. मग म्हणाले, "फक्त माझ्याकडून तीन आणे, त्याच्याकडून तीन आणे. एक इंच इकडंतिकडं न्हाई." मोजणी झाली. साखळी एका ठिकाणी तीन वेळा लागली, कारण दोन वेळा लागलेली दोघांनाही पटेना. एक लिंब मधे येत होता. तो कुणाच्या हद्दीत यावर तासभर गेला आणि शेवटी तो रस्त्याचाच, असं ठरलं. दोन्ही घरांना सावली जाऊ द्यायची नव्हती, पण एकमेकांच्या हद्दीतही ठेवायची नव्हती.

यंत्र आलं, दोन दिवसांत वाट मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी भूमिपूजन झालं. काम झालेल्या जागेवर कुदळ मारण्यात आमच्याकडं काही चूक मानत नाहीत. फोटोत ते कळत नाही. नारळ फुटला, पेढे वाटले. मग मुरूम पडला, रोलर फिरला, दबाई झाली. नोंद तेवीस नंबरला झाली. पुढं कुठल्यातरी शीर्षाखाली खडीकरणही मंजूर झालं. शीर्ष कोणतं हे मला नानांनी सांगितलं, आणि चूक नव्हतं. रस्त्याला नाव पडलं नाही. टपरीवरून वाट सांगताना त्याला आता "लग्नाचा रस्ता" म्हणतात, एवढंच. त्या साली वस्तीवर तीन लग्नं झाली.

पुढच्या ग्रामसभेला गणपूर्ती पहिल्या फटक्यात झाली. भाऊसाहेब प्रोसिडिंग वाचायला उठले तर सगळे म्हणाले, राहू द्या, कायम आहे, विषय घ्या. पहिला विषय नानांचा होता. वस्तीच्या रस्त्यानं ट्रॉल्या आणि मोटारसायकली आता भरधाव जातात, कोंबड्या मरतात, नातवंडं दारात खेळू शकत नाहीत, तरी तीन ठिकाणी गतिरोधक बसवावेत. सूचक नाना, अनुमोदक पलीकडच्या बांधाचे तात्या. ठराव एकमतानं मंजूर झाला. पहिला गतिरोधक कुणाच्या दारापुढं घालायचा, यावर मात्र बरीच चर्चा झाली आणि तेवढा भाग पुढच्या सभेवर ठेवण्यात आला.